उपवासाचं ताट आणि साखरेचा आकडा: ग्लायसेमिक इंडेक्स घरात कसा वापरायचा

आषाढी एकादशीची सकाळ होती. मधुमेह असलेल्या माझ्या सासूबाईंनी नऊ वाजता साबुदाण्याची खिचडी खाल्ली. तीत बटाटा होताच, वर एक केळं आणि साखरेचा चहा. अकरा वाजता मी त्यांच्या बोटाला टोचलं, तर मीटरवर २७४. त्यांनी मीटरलाच खोटं ठरवलं. "अगं, उपवास आहे माझा. जेवलेच नाही, तर साखर वाढेल कशी?"

प्रश्न अगदी मनापासूनचा होता. आमच्या नाशिकच्या रामकुंडावर एकादशीचं स्नान करून येणाऱ्या निम्म्या बायका हाच विचार करतात. जेवण नाही म्हणजे साखर नाही. पण उपवासाच्या ताटातून नेमकं काय जातं ते पाहा. पोळी-भाकरी जाते, वरण जातं, उसळ जाते, बहुतेक भाज्या जातात. उरतात साबुदाणा, बटाटा, रताळं, केळं, राजगिऱ्याचा लाडू. साखरेला आवर घालणारे सगळे पदार्थ ताटाबाहेर आणि साखर चढवणारे सगळे आत. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण पोटापुरती होती. मधुमेह झालेल्या माणसाच्या रक्तात ती जशीच्या तशी खरी होते.

त्या दिवसापासून आमच्या पंचवटीतल्या स्वयंपाकघरात बरंच बदललं. उपवास मात्र एकही सुटला नाही, आणि तो सोडायला लावायचा माझा हेतूही नव्हता. ताटाची मांडणी बदलली, एवढंच. ती कशी बदलायची, ते क्रमाने सांगते. सुरुवात रोजच्या जेवणापासून करते, कारण रोजचं जेवण कळलं की उपवासाचं आपोआप कळतं.

आधी हा आकडा काय आहे ते समजून घ्या

ग्लायसेमिक इंडेक्स, थोडक्यात जीआय, ही कल्पना १९८१ साली टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यांनी ६२ पदार्थ तपासले. पद्धत सरळ होती. एखाद्या पदार्थाचा एवढा भाग खायला द्यायचा की त्यातून पचणारी कर्बोदकं बरोबर ५० ग्रॅम मिळतील. मग पुढचे दोन तास रक्तातली साखर मोजायची. नुसतं ग्लुकोज घेतल्यावर जेवढी साखर चढते ती १०० धरायची आणि त्या तुलनेत हा पदार्थ किती चढवतो तो त्याचा जीआय. ५५ किंवा कमी म्हणजे कमी, ५६ ते ६९ मध्यम, ७० आणि वर म्हणजे जास्त.

म्हणजे हा आकडा वेग सांगतो. किती खाल्लं, ते तो सांगत नाही. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे लोक कलिंगड बंद करतात आणि बेदाणे मुठीने खातात.

कलिंगडाचा जीआय ७५ च्या आसपास, म्हणजे 'जास्त' गटात. पण कलिंगडात बहुतेक पाणीच असतं. २०० ग्रॅम फोडींत कर्बोदकं जेमतेम १५ ग्रॅम. इथे ग्लायसेमिक लोड कामाला येतो: जीआय गुणिले कर्बोदकांचे ग्रॅम, भागिले १००. कलिंगडाचा हिशोब ११ च्या आसपास येतो. १० पर्यंतचा लोड कमी, ११ ते १९ मध्यम, २० आणि वर जास्त. आता आपली नाशिकची द्राक्षं घ्या. जीआय पन्नाशीच्या जवळपास, दिसायला साधा. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १७ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे लोड ९. छानच. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीकडून घरी पेटी येते तेव्हा १०० ग्रॅमवर थांबतं कोण? टीव्ही बघता बघता अर्धा किलो संपतात आणि लोड ४५ वर जातो. जीआय तोच राहिला, रक्तातली साखर मात्र पाचपट कामाला लागली. बेदाण्यांत तर पाणी उडून गेलेलं असतं. ३० ग्रॅमची लहानशी मूठ म्हणजे जवळजवळ २४ ग्रॅम कर्बोदकं आणि लोड १५.

म्हणून माझा नियम असा: पदार्थ निवडताना जीआय बघायचा, वाढताना लोड. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा ठेवा. पहिले पंधरा दिवस तांदूळ, पोहे, साबुदाणा, फळं मोजून घ्या. नंतर डोळ्यालाच अंदाज येतो.

रोजच्या ताटातले पदार्थ

आंतरराष्ट्रीय तक्त्यांतल्या सरासरी घेतल्या तर चित्र असं दिसतं. हरभरा २८, मसूर ३२, राजमा २४, सोयाबीन १६, शेंगदाणे १५ च्या खालीच. दूध ४० च्या आत. सफरचंद ३६, संत्रं ४३, केळं आणि आंबा दोन्ही ५१. गव्हाची चपाती ५२. शिजवलेला पांढरा भात ७३, उकडलेला बटाटा ७८, कॉर्नफ्लेक्स ८१. साखर ६५ आणि मध ६१, म्हणजे चहात साखरेऐवजी मध घालून फारसं काही साधत नाही. गुळाचंही तेच. गूळ साखरेपेक्षा चवीला खमंग असेल, पण मधुमेहाच्या हिशोबात तो साखरच.

या यादीत मला सगळ्यात शिकवणारी जोडी वाटते ती ब्रेडची. पांढरा ब्रेड ७५ आणि गव्हाचा ब्राउन ब्रेड ७४. फरक एका आकड्याचा. आणि त्याच गव्हाची चपाती ५२. पीठ किती बारीक दळलं, ते किती फुगवलं, स्टार्चचा दाणा किती मोकळा झाला, यावर वेग ठरतो. पाकिटावर काय लिहिलंय त्यावर नाही. ओट्सचंही असंच. जाड ओट्स शिजवून खाल्ले तर ५५, दोन मिनिटांत तयार होणारे ७९.

यातून घरात करता येण्यासारख्या गोष्टी निघतात:

- गिरणीवाल्याला गहू जाडसर दळायला सांगा आणि कोंडा चाळून टाकू नका.
- भात गिच्च शिजवू नका. भाताच्या जातीकडेही बघा. इगतपुरीकडचा इंद्रायणी सुवासिक आणि चिकट असतो. तो चिकटपणाच सांगतो की त्यात अमायलोज नावाचा, सावकाश पचणारा स्टार्च कमी आहे. बासमतीसारखा मोकळा होणारा लांब तांदूळ त्यामानाने हळू पचतो. इंद्रायणी सोडवत नसेल तर वाटीचा आकार लहान करा. आमच्या घरी तेच केलं.
- शिजवून थंड केलेल्या भातात आणि बटाट्यात थोडा स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो. गार भात परतून खाल्ला तरी त्याचा काही फायदा टिकतो. मात्र भात तासन् तास ओट्यावर ठेवू नका, लगेच फ्रीजमध्ये ठेवा.
- लिंबू, आमसूल, चिंच, दही यांतल्या आंबटपणामुळे जठर सावकाश रिकामं होतं. वरणावर लिंबू पिळायची आपली सवय मोडू नका.

तेल-तुपामुळेही जीआय खाली येतो. पण म्हणून तळलेला पदार्थ चांगला ठरत नाही. साबुदाणावड्याने साखर खिचडीपेक्षा हळू चढेल कदाचित, पण ती जास्त वेळ वर राहते आणि उष्मांक दुप्पट होतात.

भरडधान्यांबद्दल एक सांगायला हवं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर पट्ट्यातली नागली, म्हणजे नाचणी, हे आपलं वैभव आहे. कॅल्शियम भरपूर, कोंडा भरपूर. पण तिची पातळ, गाळलेली पेज आणि तिची भाकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेज भराभर पचते. भाकरी, तीही पालेभाजी आणि उसळीबरोबर, सावकाश. 'नागली आहे ना, मग चालेल' असं म्हणून पेजेचे दोन वाडगे पिऊ नका.

आणि रविवारची मिसळ? नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा असं मी कोणाला सांगणार नाही. मिसळीतली मोड आलेली मटकी उत्तम आहे. घोटाळा पावात आणि नंतरच्या जिलबीत आहे. आधी उसळ आणि दही संपवा, फरसाण निम्मं काढून ठेवायला सांगा, पाव एकच घ्या आणि तोही शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी, पोळी-भात-पाव नंतर, एवढा क्रम पाळला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. एकही पैसा न लागणारा हा उपाय आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. दुसरा असाच फुकटचा उपाय म्हणजे जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकपर्यंत जायला हवं असं नाही, आपल्या गल्लीतल्या दोन चकरा पुरतात.

उपवासाआधी: औषधांची पिशवी उघडा

ताटाचा विचार नंतर, हे आधी. मधुमेहाची सगळी औषधं उपवासात सारखी वागत नाहीत.

इन्शुलिन, आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या, खाल्लं नाही तरी साखर खाली ओढतात. सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत काही खाल्लं नाही, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. निर्जळी उपवासात त्यांच्यामुळे शरीरातलं पाणी कमी होतं, आणि बराच वेळ पोट रिकामं राहिलं तर किटोन, म्हणजे चरबी जळताना रक्तात तयार होणारी आम्लं, वाढण्याचा धोका असतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना साखर एकदम उतरायची भीती कमी. म्हणून उपवासाच्या निदान आठवडाभर आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि थेट विचारा: त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, किती, कधी, आणि कोणती वगळायची. शेजारणीची गोळी त्याच रंगाची आहे म्हणून तिचं वेळापत्रक उचलू नका.

टाइप १ मधुमेह, गरोदरपणातला मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, किंवा अलीकडेच साखर एकदम उतरून गेलेली असेल, तर उपवास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नकोच. देवापुढे हात जोडून एक दिवस मौन पाळा, नामस्मरण करा. व्रत म्हणून तेही कमी नाही.

भगर की साबुदाणा

आता ताट. उपवासाच्या पदार्थांतला सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे आणि नाशिककरांसाठी तो सोपाही आहे, कारण भगर आपल्या घरातलीच. आपल्या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात वरई पिकते आणि भगरीच्या गिरण्याही नाशकातच आहेत.

साबुदाणा हे धान्य नाही. टॅपिओकाच्या कंदातून काढलेला तो जवळजवळ शुद्ध स्टार्च. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो. ओल्या स्टार्चचे गोळे करून ते भाजून किंवा वाफवून वाळवतात. म्हणजे आपल्या कढईत पडण्याआधी तो एकदा अर्धवट शिजलेला असतो. १०० ग्रॅम साबुदाण्यात कर्बोदकं ८७ ग्रॅम, प्रथिनं अर्धा ग्रॅमही नाहीत, चोथा नावापुरता. पचनाला अडवणारं त्यात काहीच नाही.

भगरीत प्रथिनं असतात, थोडा चोथा असतो आणि दाणा अख्खा राहतो. भगर म्हणून विकल्या जाणाऱ्या भरडधान्यांपैकी एकाचा, टरफल काढलेल्या सामाचा, जीआय भारतातल्या चाचणीत ५० च्या आसपास आला आहे.

हिशोब करून बघू. एका माणसाच्या भरपेट खिचडीला ६० ग्रॅम सुका साबुदाणा सहज लागतो. कर्बोदकं ५२ ग्रॅम. जीआय अगदी ७० धरला तरी लोड ३६. तेवढ्याच वजनाच्या भगरीचा लोड २० च्या घरात. आणि भगर ४० ग्रॅमच घेतली, म्हणजे सपाट तीन-साडेतीन मोठे चमचे, तर १३. भगर शिजताना चांगली फुलते, त्यामुळे ४० ग्रॅममध्येही वाटी भरते.

आमच्या घरची पद्धत सांगते. भगर दोन-तीन पाण्यांतून धुवायची, निथळायची आणि कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतायची. तिप्पट आधणाचं पाणी घालून झाकण ठेवायचं. दाणा मऊ झाला पण सुटा राहिला की गॅस बंद. घोटायची नाही. लापशीसारखी झाली तर वेग वाढलाच म्हणून समजा. आमटीला माणशी मूठभर, साधारण २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, हिरवी मिरची, जिरं आणि भिजवलेलं आमसूल. गूळ नाही. पहिल्यांदा सासूबाईंना गुळाशिवाय आमटी बेचव लागली. मग मी आमसूल वाढवलं आणि वरून जिऱ्याची फोडणी दिली. तेव्हापासून तक्रार नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. उपवासात वरणाची जागा भरून काढणारं हेच.

ताटात आधी काकडीची दह्यातली कोशिंबीर संपवायची, मग आमटी-भगर. कोशिंबिरीऐवजी लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत चालतं. ज्यांच्याकडे राजगिऱ्याची पालेभाजी उपवासाला चालते त्यांनी ती जरूर करावी.

भगरीबद्दल एक काळजीचं. ओलसर जागी साठवलेल्या भगरीला आणि विशेषतः भगरीच्या पिठाला बुरशी लागते, आणि सणासुदीला विषबाधेच्या बातम्या आपण वाचतोच. सुटं पीठ घेऊ नका. बंद पाकिटातली भगर आणा, तारीख बघा, निवडून-धुऊन घ्या आणि पीठ हवंच असेल तर लागेल तेवढं घरी ताजं दळा. पण पिठाची धिरडी आणि थालीपिठं अख्ख्या भगरीपेक्षा लवकर पचतात, हेही ध्यानात ठेवा.

साबुदाण्याशिवाय एकादशी वाटतच नसेल तर? तर ३० ग्रॅम साबुदाणा, जवळजवळ तेवढंच दाण्याचं कूट, बटाटा अजिबात नाही, त्याऐवजी किसलेली काकडी किंवा दुधी, आणि बाजूला घट्ट दह्याची वाटी. साबुदाण्यात बटाटा म्हणजे स्टार्चला स्टार्चची फोडणी, ती आधी बंद करा.

बाकीचा फराळ

राजगिऱ्याच्या नावाने लोक निर्धास्त असतात, म्हणून इथे थांबते. राजगिरा पौष्टिक आहे, त्यातलं प्रथिन उत्तम आहे. पण दाणा फुलवून लाही केली की त्याचा वेग भलताच वाढतो. भारतात मधुमेहींवर झालेल्या एका चाचणीत दुधातल्या राजगिऱ्याच्या लाह्यांचा जीआय ९७ आला, म्हणजे जवळजवळ ग्लुकोजएवढा. त्यात गुळाचा पाक घालून वळलेला लाडू मधुमेहींसाठी हलका फराळ नव्हे. राजगिऱ्याची पालेभाजी मात्र हवी तेवढी.

रताळं उकडून खा, भाजून नको. उकडल्याने त्याचा जीआय मध्यम किंवा त्याखाली राहतो, भाजल्याने तो जास्तच्या गटात जातो. शिवरात्रीला गूळ-तूप घालून केलेल्या रताळ्याच्या गोड फोडींऐवजी उकडलेल्या रताळ्यावर लिंबू, मीठ, जिरेपूड आणि दाण्याचं कूट घालून बघा. केळं घ्यायचं तर टणक, जेमतेम पिकलेलं आणि अर्धं. काळे ठिपके पडलेल्या केळ्यात स्टार्चची साखर झालेली असते. कच्च्या केळ्याची भाजी त्याहून चांगली. मखाणे, खोबऱ्याचा तुकडा, पनीर, ताक, बदाम चालतील. वेफर्स आणि उपवासाचा चिवडा पाकिटातून थेट खाऊ नका, वाटीत काढून मगच खा.

आणि चहा. उपवासाला दिवसभरात पाच कप होतात आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. ही साखर कोणाच्याच हिशोबात नसते.

कोणता उपवास, कशी विभागणी

एकादशीला दिवसभर थोडं थोडं खाता येतं, त्यामुळे ती सगळ्यात सोपी. सकाळी दही-काकडी आणि मूठभर दाणे, दुपारी भगर-आमटी, संध्याकाळी ताक आणि अर्धं फळ, रात्री उकडलेलं रताळं किंवा थोडी भगर.

संकष्टी अवघड. चंद्रोदय साधारण नऊ-साडेनऊचा. दिवसभर चहावर काढायचं आणि रात्री एका बैठकीत पुरण, भात, तळणीचे मोदक. आधी साखर उतरण्याची भीती, मग एकदम चढण्याची. दुपारी एकच्या सुमारास भगर-आमटीची लहान वाटी आणि पाचला मूठभर दाणे-ताक घ्याच. चंद्राला नैवेद्य दाखवल्यावर कोशिंबीर आणि वरण आधी, एक पोळी, आणि मोदक अगदी शेवटी, एकच.

हरतालिका निर्जळी असते. साखर उतरवणाऱ्या किंवा लघवीवाटे काढणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी करू नका, पाणी आणि ताक घ्या.

नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास आणि त्यात सप्तशृंगी गडावर पायी जाणं, हे दोन्ही एकत्र आले की जास्त सांभाळायला हवं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीचंही तसंच. चालल्याने साखर खाली येते आणि पोटात अन्न कमी असतं. खिशात ग्लुकोज, सोबत माणूस, आणि दर दोन-अडीच तासांनी थोडं खाणं. अनवाणी चालू नका. मधुमेहात पायाची संवेदना अनेकदा कमी झालेली असते, खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते. चपला पायरीशी काढल्या तरी देवीला नमस्कार पोचतो.

रमजानचे रोजे धरणाऱ्या शेजाऱ्यांनाही हेच तत्त्व लागू पडतं, फक्त वेळा उलट्या. सहरीला, म्हणजे पहाटेच्या खाण्याला, चपाती, डाळ, अंडं, दही असं सावकाश पचणारं, आणि तेही शक्य तितकं उशिरा. इफ्तारला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडताना, एक-दोन खजूर, पाणी, मग डाळ किंवा कबाब-भाजी, आणि सरबत बिनसाखरेचं.

साखर उतरली तर

घाम, थरथर, धडधड, डोकं हलकं होणं, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. यातलं काहीही झालं तर लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर उपवास तिथेच थांबला. तपासायची सोय नसेल तर तपासण्यासाठी वेळ घालवू नका. तीन छोटे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. नंतर दूध किंवा थोडं खाणं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील तर साखर-गुळाचा गुण लवकर येत नाही, कारण या गोळ्या साखर फोडण्याचं कामच मंदावतात. तिथे ग्लुकोजच लागतं. ज्यांना 'उपवास मोडेल' ही धास्ती असते, त्यांनी ग्लुकोजचा डबा देवघराजवळच ठेवावा. ते उपवासाला चालतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

३०० च्या वर आकडा गेला, तरीही उपवास थांबवून डॉक्टरांना फोन करा.

शेवटी मीटर, कारण तक्ता तुमच्या शरीराचा नाही

जीआयचे आकडे सरासरी आहेत. एकाच भातावर दोन माणसांची साखर वेगळी चढते. म्हणून स्वतःचा तक्ता स्वतः करा. खाण्याआधी एकदा मोजा, पहिल्या घासाची वेळ लिहा आणि तिथून दोन तासांनी पुन्हा मोजा. शेवटच्या घासापासून नव्हे, पहिल्या. बहुतेक प्रौढांसाठी रिकाम्या पोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, असं लक्ष्य धरतात. वय आणि आजारानुसार तुमचे डॉक्टर ते बदलतील. एका वेळी एकच गोष्ट बदला. आज साबुदाण्याऐवजी भगर, पण चहातली साखर तीच, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल. आणि टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. द्राक्षं निवडलेल्या किंवा केळं सोललेल्या बोटावरची साखर पट्टीवर गेली की आकडा खोटाच वाढतो. सासूबाईंच्या त्या २७४ नंतर मी आधी हात धुवायला लावून पुन्हा मोजलं होतं. २६८ आले. म्हणजे मीटर खोटं नव्हतं.

कार्तिकीला त्यांनी वर लिहिलेलं ताट घेतलं. काकडी, आमसुलाची आमटी, चाळीस ग्रॅम भगर, बिनसाखरेचा चहा. दोन तासांनी १७६. त्यांनी वहीत आकडा स्वतः लिहिला, पुढे 'भगर' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं. हा सकाळचा घास घरोघरी मोठा असतो आणि तिथे घात होतो. आमच्याकडे आता पारण्याआधी साखर मोजतो. पानात डावीकडे कोशिंबीर, मग वरण, भोपळ्याची भाजी, एक पोळी, आणि इंद्रायणीची ती लहान केलेली वाटी सगळ्यात शेवटी. खिरीची वाटी नैवेद्याला पुरी भरतो. तिच्यातले दोन चमचे सासूबाईंच्या वाट्याला येतात. उरलेली खीर त्या नातवाकडे सरकवतात आणि तो खात असताना त्याच्याकडे बघत बसतात.